पोटासाठी आलेली माणसं

आमच्या घराण्यावर एक जुना आरोप आहे आणि तो खरा आहे. माझे पणजोबा भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. 1899-1900 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या विहिरी तळाला गेल्या. पाटलाच्याच कणगीत खडखडाट झाला, तिथे महारवाड्याच्या वाट्याचं बलुतं कुठून निघणार? पणजोबा बायको आणि तीन पोरं घेऊन दोन दिवस चालत मिशनच्या आवारात पोहोचले. तिथे कांजी मिळत होती. पुढच्या नाताळात पाचही जणांचा बाप्तिस्मा झाला.

लपवण्यासारखं यात काही नाही, तरी आम्ही ते तीन पिढ्या लपवत आलो. आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांना वाटेत स्वप्न पडलं होतं. माझ्या वडिलांपर्यंत येईतो त्या स्वप्नाचा साक्षात्कार झाला होता. मंडळीच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत चुलत्यांनी लिहिलं की पणजोबा मुळातच चिंतनशील होते आणि कित्येक वर्षं सत्याच्या शोधात होते. कांजीला स्मरणिकेत जागा मिळाली नाही. मधल्या सुट्टीत वर्गातलं कुणी ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणालं की मीही घाईघाईने स्वप्नाचीच गोष्ट पुढे करायचो. भुकेने देवाकडे जाणं हलकं आणि विचार करून जाणं उच्च, हे आरोप करणाऱ्यांचं मोजमाप आम्ही मुकाट्याने मान्य केलं होतं.

चाळिशी उलटल्यावर एकदा लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय पुन्हा वाचत होतो. उधळ्या पुत्राची गोष्ट. शब्बाथशाळेत ती आम्ही पश्चात्तापाची गोष्ट म्हणून पाठ केली होती. पण मजकूर नीट पाहिला तर तो मुलगा परत येतो ते भुकेने. वाटणीचा पैसा उडवून झालाय, मुलखात दुष्काळ पडलाय, हा डुकरं राखतोय आणि डुकरांपुढच्या शेंगांकडे पाहतोय. तेव्हा त्याला आठवते ती बापाची माया नव्हे, बापाच्या गड्यांना पोटभर मिळणारी भाकर. मग तो वाटेत बोलायचं भाषण जुळवतो: चुकलो, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, गडी म्हणून ठेवा. हा चक्क नोकरीचा अर्ज आहे.

बाप काय करतो? लांबून दिसताच धावत जाऊन गळ्यात पडतो. मुलगा भाषण सुरू करतो आणि नेमक्या शेवटच्या वाक्याआधी बाप त्याला तोडतो. ‘गडी म्हणून ठेवा’ हे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाहीत. लूकने ते मघाशी लिहिले होते, इथे लिहिलेले नाहीत. मला ही गळती मुद्दाम केलेली वाटते. मुलाला घरात घेण्याची अट तर नाहीच, पण मुलाने स्वतःहून घालून घेतलेली अटही बापाला मंजूर नाही. मजुरीच्या करारावर त्याला घरात येता येणार नाही, यायचं तर मुलगा म्हणूनच.

आणि घरात एक गडी आधीपासून आहेच, थोरला मुलगा. तो शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि अंगणात थबकतो. इतकी वर्षं गुलामासारखा राबलो, कधी हुकूम मोडला नाही, मला मित्रांबरोबर खायला एक करडूही दिलं नाहीस, अशी त्याची तक्रार. प्रत्येक दिवसाची हजेरी त्याने मनात मांडून ठेवलेली आहे. बापाच्या घरात तो आयुष्यभर रोजंदारीवर राहिला आणि हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

स्मरणिकेत आम्ही पणजोबांना धाकट्याचा थोरला करून टाकलं होतं.

कृपा हा शब्द आपल्याकडे फार गुळगुळीत झाला आहे. लग्नपत्रिकेवर कुलस्वामिनीच्या कृपेकरून असतं, आमच्या पत्रिकांवर देवाच्या कृपेने असतं, जुन्या पत्रांखाली कृपाभिलाषी असायचा. प्रेषित पौल हा शब्द वापरतो तेव्हा तो असा गुळगुळीत नसतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो मजुरीचा दाखला देतो: काम करणाऱ्याला मिळतं ती त्याची येणी रक्कम, तिला कृपा म्हणत नाहीत. तंबू शिवून पोट भरणारा माणूस होता तो, रोज म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या लेखी कृपा तिथे सुरू होते जिथे आपली येणी बाकी शून्य आहे. थोडं आपण, उरलेलं देव, अशी भागीदारी त्याला चालत नाही.

यावर सगळ्यांत चोख आक्षेप मी एका मिस्त्रीकडून ऐकला. आमच्या चौकात सकाळी सातपासून मजूर अड्डा भरतो. रंगाऱ्यांचे ब्रश आणि गवंड्यांच्या थाप्या पिशवीतून मुद्दाम बाहेर काढलेल्या असतात, म्हणजे कोण काय कामाचा ते लांबून कळावं. गाडी थांबली की दहापंधरा जण काचेला भिडतात. तरणेताठे आधी उचलले जातात. साडेदहाच्या सुमारास मागे राहतात ते ठरलेलेच: गुडघा धरलेला म्हातारा, पोर कडेवर असलेली बाई, कालची उतरायची आहे असा एखादा. तेही अकरापर्यंत थांबतात, मग डबा तसाच घेऊन घरी जातात. काम न करता घरी गेलेल्या माणसाचा डबा किती जड असतो, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातला मळेवाला अशाच नाक्यावर येतो. पहाटे येतो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचला, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना. अजून उभे असलेल्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का. ते सांगतात की आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार, म्हणजे एका दिवसाचा पुरा रोज. वाटप सुरू होतं शेवटच्यांपासून, आणि यात मालकाचा खोडकरपणा आहे. पहाटेच्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं आणि गोष्टही घडली नसती. त्यांनी पाहावं अशीच त्याची इच्छा आहे.

एका बंद पडलेल्या सकाळी चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट त्या मिस्त्रीला सांगितली. त्याने पुरी ऐकून घेतली आणि म्हणाला, “साहेब, असा मालक दोन दिवसांत बुडणार. उद्या पहाटे येईल कोण? सगळे पाचलाच येतील की.” शेजारी बसलेल्या बिगारी मावशी मात्र कप खाली ठेवून म्हणाल्या, “कुठं असतोय त्यो मालक?”

कृपेवरचे ग्रंथ मी बरेच वाचले आहेत. त्यांतला जवळजवळ सगळा वाद या दोन वाक्यांत येऊन जातो. मिस्त्रीचा प्रश्न पौललाही विचारला गेला होता: कृपा एवढी उदंड असेल तर पाप करतच राहावं की! पौल त्यावर उखडतो, पण प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही. ज्या कृपेविषयी कुणालाही हा प्रश्न पडत नाही ती बहुधा कृपा नसतेच, तिच्या कोपऱ्यात कुठेतरी अटी व शर्ती बारीक टायपात छापलेल्या असतात. मिस्त्रीला उत्तर द्यायचं आहे, पण त्याआधी पंडिता रमाबाईंच्या केडगावला जाऊन यावं लागेल.

रमाबाईंचं बालपण म्हणजे पायी तीर्थयात्रा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगायचे आणि कुटुंब क्षेत्रामागून क्षेत्र फिरायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. 1907 च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी ते दिवस सांगितले आहेत. देव प्रसन्न व्हावा म्हणून उपास झाले, अनुष्ठानं झाली, उरलासुरला पैसा दानात गेला, आणि अखेर तिरुपतीजवळच्या रानात पाला आणि रानखजूर खाऊन दिवस काढायची पाळी आली. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. सगळे विधी पुरे केले होते, एकही खाडा नव्हता, तरी रोज मिळाला नाही.

इथवर आले की काही ख्रिस्ती लेखक खूश होऊन थांबतात: बघा, हिंदू धर्मात कर्म आणि आमच्याकडे कृपा! रमाबाईंची साक्ष तिथे थांबत नाही, म्हणून ती मला प्रिय आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिका पालथी घालून त्या परतल्या, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, अंगावर येणारे वाद पेलले. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं उलटून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहून गेला होता. निमित्त झालं हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राचं. कित्येक वर्षं लोकांना उपदेश करून झाल्यावर या गृहस्थाला आपण स्वतःच बाहेर उभे आहोत याचा उलगडा झाला, तोही व्यासपीठावर, स्वतःचंच प्रवचन चालू असताना. रमाबाईंनी स्वतःला त्यात ओळखलं. देवाला राजी राखण्याचा तोच जुना उद्योग त्यांनी चर्चमध्येही चालू ठेवला होता, फक्त विधी बदलले होते. तीर्थं सुटली होती, यात्रा सुटली नव्हती.

हिशेब ठेवणं हे कुठल्या एका धर्माचं लक्षण नाही. आपल्या भूमीला कृपा परकी नव्हती, हे तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी जन्मभर सांगितलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी हा वाद दोन पिलांवर आणून ठेवला आहे. माकडाचं पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरतं, मांजराच्या पिलाला आई मानेला धरून उचलते. वडकलै पंथ माकडाच्या बाजूचा, तेनकलै मांजराच्या. कृपेची याहून नेमकी उपमा मला ख्रिस्ती ग्रंथांत सापडलेली नाही. मग ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगायचं काय उरतं? माझ्या मते एकच गोष्ट, आणि ती गोड नाही. मांजरीच्या दातांना पिलाच्या मानेचा त्रास होत नाही. इथे उचलणाऱ्याचेच हात खिळ्यांनी फाटले आहेत. कृपा घेणाऱ्याला फुकट आहे, देणाऱ्याला ती फुकट पडलेली नाही. थोरल्याच्या कानांत वाजंत्री शिरली, जेवणावळीचं बिल कुणी भरलं हे त्याने विचारलंच नाही.

आता आमच्या मंडळ्यांकडे पाहू. उपदेशपीठावरून कृपा आणि दारात संगमरवरी पाटी, पाटीवर देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने. सुगीच्या सणाला अर्पणं यायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. एका बाईने आणलेला दुधी भोपळा कुणीतरी हौसेने भरमसाट किमतीला घ्यायचा. लहानपणी मला त्यात मौज वाटायची. पुढे लक्षात आलं की नाव भोपळावालीचं नाही, बोली जिंकणाऱ्याचं पुकारलं जातं. साक्षींचीही चढाओढ असते: कुणी किती दिवस उपास केला, कुणी पहाटे कितीला उठून प्रार्थना करतो. ही थट्टा मी स्वतःलाही धरून करतो आहे. वीस वर्षं मी वहीत रोज वाचलेल्या अध्यायांवर टिचक्या मारत होतो.

हे सगळं तसं निरुपद्रवी. पण एक प्रकार मला क्षमा करता येत नाही. नात्यातल्या एका बाईचा एकुलता मुलगा मूत्रपिंडाच्या आजाराने सव्विसाव्या वर्षी गेला. दोन वर्षं ती त्याला घेऊन आरोग्यसभांना जात होती. माती झाल्यावर आठवड्याने एक प्रार्थनावीर घरी आला आणि तिला म्हणाला की तुमचा विश्वास थोडा कमी पडला. ती ते आजही विसरलेली नाही. या माणसाने काय केलं? विश्वासालाच त्याने दाम करून टाकलं, पुरेसं भरलं तर माल मिळेल आणि सुटे कमी पडले तर मुलगा जाईल. विश्वास म्हणजे पसरलेला हात. तो थरथरत असला म्हणून त्यात पडणारी भाकर लहान होत नाही. वांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचा पाय किंवा मेणाचं घर वाहणाऱ्या भाबड्या माणसाला आमचे प्रोटेस्टंट लोक हसतात. तो माणूस निदान आपण नवस करतोय हे जाणून असतो.

खरं तर आम्ही ज्यांचे वारस म्हणवतो त्यांचंही हे दुखणं होतं. 1505 साली एरफुर्टच्या मठात शिरलेला मार्टिन ल्यूथर आपल्या पापांची यादी तासन्‌तास कबूल करायचा, बाहेर पडायचा आणि एक राहिलं म्हणून परत यायचा. त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्स त्याला वैतागत. देवाची नीती ही देवाने आपल्यावर उगारलेली काठी नसून आपल्याला दिलेलं देणं आहे, हे पौलच्या पत्रात गवसलं तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा झाला. मरणाच्या दोन दिवस आधी लिहिलेल्या चिठ्ठीत त्याने स्वतःची गणना भिकाऱ्यांत केली. याच ल्यूथरने 1543 मध्ये यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं ते वाचवत नाही. स्वतःला भिकारी म्हणणाऱ्याने पंगतीतल्या दुसऱ्याचं पान ओढलं, हेही आमच्या वारशात जमा आहे.

पुढच्या शतकांत तर आणखी गंमत झाली. तारण संपूर्ण देवाच्या निवडीवर आहे, माणसाच्या हातात काही नाही, असं सांगणाऱ्या कॅल्व्हिनपंथीयांनी खरं तर निवांत झोपायला हवं होतं. मॅक्स वेबरने 1904-05 मध्ये दाखवलं की झालं उलटं. आपली निवड झाली आहे की नाही या धास्तीने त्यांनी खुणा शोधायला सुरुवात केली, आणि कामातलं यश ही खूण मानली. कृपेवर सर्वांत जास्त बोलणारी माणसं जगातली सर्वांत अस्वस्थ कष्टाळू माणसं झाली. वेबरच्या सिद्धांतावर इतिहासकारांचे पुष्कळ आक्षेप आहेत. पण रविवारी दुपारी जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होताना ज्याला अपराधी वाटतं त्याला वेबर पटवून द्यावा लागत नाही.

मिस्त्रीच्या प्रश्नाची काळी बाजूही आहे, आणि तिला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. कृपेवरचं जगातलं सर्वांत लोकप्रिय भक्तिगीत जॉन न्यूटनने 1 जानेवारी 1773 च्या उपासनेसाठी रचलं. हा पूर्वाश्रमीचा गुलामवाहू जहाजांचा कप्तान. वादळातून वाचला, देवाकडे वळला आणि मग गुलामांचा व्यापार सोडला, अशी गोष्ट सांगतात. तारखा वेगळं सांगतात. वादळ 1748 सालचं आणि त्याने समुद्र सोडला 1754 साली, तोही प्रकृतीमुळे. मधली सहा वर्षं तो डेकवर प्रार्थना करायचा आणि खाली तळघरात साखळ्या असायच्या. त्या व्यापाराविरुद्ध त्याची जाहीर कबुली छापून यायला 1788 उजाडलं.

तळघरातल्या माणसांना त्या कृपेचं काय? या प्रश्नाचं एक टोक आपल्या नाशकात आहे. रोज शरणपूर रोडने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत आफ्रिकेतली मुलं शिकत होती? इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवून आणलेली ती मुलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शोधमोहिमेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सोबत्यांनी ते कलेवर महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर आणलं, आणि एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. गोऱ्याचा मृतदेह ज्याने खांद्यावर वाहिला त्याला माणूस म्हणून बाजारात कधीकाळी किंमत लावली गेली होती. न्यूटनचं गीत गाताना मला तो आठवतो, आणि पुढचं कडवं जरा अडखळत येतं. अडखळावं असंच मला वाटतं. जर्मन पाळक डीट्रिच बोनहोफरने 1937 च्या पुस्तकात स्वस्त कृपेवर आसूड ओढला तो यासाठीच: क्षमा हवी, पण ज्याचं ओरबाडलं त्याच्याकडे वळायचं नाही. 9 एप्रिल 1945 ला नाझींनी त्याला फासावर चढवलं. लूकमध्येच जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी आधी पाहुणा म्हणून जातो, एक अटही न घालता, आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करायचं जक्कय आपणहून म्हणतो. उंबरा ओलांडताना चौपट मागितलं नव्हतं, पण पानावर बसल्यावर त्याला ते दिल्यावाचून राहवलं नाही. राहवत असेल तर तो अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

केडगावलाही हेच दिसतं. यात्रा थांबल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी बायका-मुली घेऊन आल्या. 1900 च्या सुमाराला केडगावच्या मुक्तिसदनात जवळपास दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातांनी चालायचं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं. 1921 साली एकुलती लेक मनोरमा गेली, तरी मुद्रितं तपासणं चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. मिस्त्री, पहाटे येईल कोण म्हणून विचारलंस ना? ही बघ, आली. रोज ठरवून न घेता आली. बालपणीच्या यात्रेतली पायपीट आणि ही पायपीट यांत पावलं कदाचित सारखीच असतील. फरक एवढाच की आधीची मुक्काम गाठण्यासाठी होती आणि नंतरची मुक्कामावरून निघालेली.

मराठी बायबलात मत्तयच्या अकराव्या अध्यायात भाराक्रांतांना येशू जे देऊ करतो त्यासाठी विसावा हा शब्द आहे. विश्रांती किंवा आराम असतं तर अर्थ उणावला नसता, पण वास गेला असता. पालखीचा विसावा असतो: मुक्काम नव्हे, वाटेतलं टेकणं. आणि गावात तिरडीचा विसावा असतो. वेशीपासून मसणवट्यापर्यंतच्या वाटेवर एका ठरल्या जागी ती खाली टेकवतात आणि खांदेकरी बदलतात. ओझं खाली ठेवणं आणि खांदा बदलणं, दोन्ही त्या एका शब्दात आहे. येशूही लगेच आपलं जू घ्यायला सांगतो. जू एकट्याच्या मानेवर कधी नसतं, पलीकडे दुसरा बैल असतो.

यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, सूर्योदयाला नाही. म्हणजे दिवसाचं पहिलं काम झोप. उत्पत्तीच्या कथेत माणूस सहाव्या दिवशी घडला, त्यामुळे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पुरा दिवस सुट्टीचा. काही न करताच त्याला सुट्टी मिळाली. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शब्बाथाचं, म्हणजे या सुट्टीच्या दिवसाचं, कारण वेगळं दिलं आहे: तुम्ही मिसरात गुलाम होता, म्हणून तुमच्या दासानेही, बैलानेही, गाढवानेही त्या दिवशी थांबायचं. गुलामाला सुट्टी नसते, गुलाम म्हणजे त्याने केलेल्या विटांचा आकडा. माझ्या पणजोबांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. बलुतं म्हणजे काय, राबला नाहीस तर तू कोण, हे त्यांना गावाने शिकवलं होतं. मिशनच्या आवारात पहिल्या दिवशी त्यांना कुणी आधी काम सांगितलं की आधी पान वाढलं, हे घरात कुणाला विचारता आलं नाही. मला वाटतं पान.

जुन्या करारातला एलिया हा कडक संदेष्टा. कर्मेल डोंगरावर शर्थ जिंकून आला आणि लगेच राणीच्या धमकीने खचून रानात पळाला, एका झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवदूत येतो. उपदेश नाही, विश्वास कमी पडल्याचा ठपका नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी. खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत त्यालाही हरकत घेत नाही, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. देव त्याला काही विचारतो ते यानंतर खूप दिवसांनी.

माझी आजी, त्या पणजोबांची सून, बायबलबाई होती. तीस वर्षं ती पिशवीत शुभवर्तमान आणि चपलांचा जादा अंगठा घेऊन वाड्यावस्त्या हिंडली. ब्याऐंशीव्या वर्षी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि वाचाही निम्मी गेली. रडायची ती दुखण्यापायी नव्हे. डोळे मिटले की शब्द पळून जातात, प्रार्थना जुळत नाही, असं ती तुटक तुटक सांगायची. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हजेरीत खाडे पडत होते. पाळकसाहेब आले की ती तोंड भिंतीकडे फिरवायची.

मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीला आलो की तिला भरवायचं काम माझ्याकडे. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, गूळ किसून, लहान चमच्याने. पहिले काही दिवस तिने तोंड उघडलं नाही. मग एका संध्याकाळी वाटी अर्धी झाल्यावर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच प्रयत्न करून एक वाक्य पुरं केलं. “मामंजी,” ती म्हणाली, “कांजीसाठीच आले होते.” मी काही बोलायच्या आत तिने तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.